नोंद ऑनलाइन, सही रजिस्टरवर

सपाट प्रदेशात 5000 लोकसंख्येमागे आणि डोंगरी किंवा आदिवासी भागात 3000 लोकसंख्येमागे एक आरोग्य उपकेंद्र असावे, असा शासकीय निकष आहे. एका उपकेंद्रामागे रजिस्टरे किती असावीत यालाही काही निकष असेल, पण तो रजिस्टरांनी कधी पाळलेला नाही. नवी योजना आली की नवे रजिस्टर येते. योजना बंद पडली तरी रजिस्टर बंद करण्याचे पत्र काही येत नाही. त्यामुळे उपकेंद्राच्या हद्दीत माणसे आणि रजिस्टरे दोन्ही वाढत राहतात. कुटुंबनियोजनाचा प्रयत्न मात्र फक्त माणसांच्या बाबतीत होतो.

या रजिस्टरांत पात्र जोडप्यांचे, गरोदर मातांचे, लसीकरणाचे, जन्ममृत्यूचे, हिवतापाच्या रक्तनमुन्यांचे, औषधसाठ्याचे, विहिरीत टाकलेल्या टीसीएल पावडरचे अशी घराणी आहेत. या सगळ्यांवर हालचाल रजिस्टर. आरोग्यसेविका, म्हणजे गावाच्या भाषेत सिस्टर किंवा नर्सबाई, फिरतीवर निघताना आपण कुठल्या वाडीला चाललो आहोत ते त्यात लिहितात. उपकेंद्रात दुसरे कोणी नसेल तर बाहेरून कुलूपही लावतात. अशा रीतीने त्या कुठे गेल्या आहेत ही माहिती त्या परत येईपर्यंत आत सुखरूप राहते.

छापील रजिस्टर संपले की दोनशे पानी फुलस्केप वही येते आणि ती आखावी लागते. काम सरकारी असले तरी ते रविवारी घरी होते. यजमान पट्टी धरतात, मुलगी लाल पेनने रेघा ओढते आणि सिस्टर वरचे मथळे लिहितात. शेवटच्या रकान्यापर्यंत पोचेस्तोवर पान संपत आलेले असते, म्हणून तो बोटभर रुंद उरतो. हा शेऱ्याचा रकाना. गावाचा खरा इतिहास याच बोटभर जागेत असतो. ‘माहेरी.’ ‘सासू नको म्हणते.’ ‘कापूस वेचणीला, दिवेलागणीला भेटते.’ ‘नवऱ्याने दार लावून घेतले.’ ‘गोळ्या घेते म्हणते, पाकीट भरलेले.’ अख्खे घराणे चार शब्दांत बसवण्याची ही विद्या अभ्यासक्रमात नाही. ती नोकरीच्या पाचव्या-सहाव्या वर्षी आपोआप येते.

कागदाचे गुणगान करणाऱ्यांनी मात्र मार्चअखेरचे उपकेंद्र पाहिलेले नसते. पावसाळ्यात पाने चिकटतात, उन्हाळ्यात वाळवी लागते आणि बेरीज बाराही महिने जुळत नाही. शिवाय तपासणीच्या आदल्या रात्री रजिस्टरे ज्या वेगाने अद्ययावत होतात तो वेग पुढे कुठल्याही सर्व्हरला गाठता आलेला नाही. दुसऱ्या दिवशी साहेब पाने उलटतात.

“सिस्टर, जानेवारी ते जून सगळ्या नोंदी एकाच पेनाने?”

“पेन चांगलं निघालं सर.”

“आणि एकही खाडाखोड नाही?”

“जपून लिहिलंय सर.”

साहेबांनी स्वतःही उमेदवारीची वर्षे अशाच एखाद्या केंद्रात काढलेली असतात. ते सही करतात आणि जेवायला काय आहे याची चौकशी करतात.

परिचर्या आणि आकडेमोड यांचे नाते तसे जुने आहे. क्रिमियन युद्धात सैनिक शत्रूच्या गोळीपेक्षा रोगाने जास्त मेले, हे फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी 1858 मध्ये रंगीत आलेख काढून सत्ताधाऱ्यांच्या गळी उतरवले. त्या काळी सोयी फार कमी होत्या, हे मान्य. पण बाईंना कॅप्चा ओळखावा लागला नाही, हेही विसरून चालणार नाही.

भारतात 2008 साली एचएमआयएस हे पोर्टल सुरू झाले. त्यावर बेरजा चढत: इतक्या नोंदण्या, इतकी बाळंतपणे, इतकी लसीकरणे. 2009 साली एमसीटीएस आले आणि बेरजेच्या जागी नाव आले. प्रत्येक गरोदर बाई आणि प्रत्येक बाळ आपापल्या क्रमांकासह दिल्लीपर्यंत दिसू लागले. पुढे याचेच आरसीएच पोर्टल झाले. सुरुवातीला सिस्टर कागदावर लिहीत आणि प्राथमिक आरोग्य केंद्रातला डाटा एंट्री ऑपरेटर ते गठ्ठे घेऊन संगणकात भरी. संक्रमणाच्या इतिहासात हा काळ सर्वांत सुखाचा मानावा लागेल, कारण प्रत्येक चुकीला दोन मालक होते. तीन किलोचे बाळ पोर्टलवर तीस किलोचे निघाले तर ऑपरेटर म्हणे, टिंब दिसलंच नाही. सिस्टर म्हणत, टिंब ठळक दिलं होतं. मग रजिस्टर आणून भिंगाखाली बघितले जाई, आणि ते टिंब आहे की चहाचा शिंतोडा आहे यावर दुपार निघून जाई. बाळ तोवर रांगू लागलेले असे.

2016 मध्ये ‘अनमोल’ आले. एएनएम (म्हणजे आपल्या सिस्टर) ऑनलाइन याचे ते लघुरूप. आता टॅब थेट सिस्टरच्या हातात आला आणि ऑपरेटरवर ढकलायची सोय संपली. 2018 मध्ये आयुष्मान भारत जाहीर झाल्यावर तिशीपुढच्या प्रत्येकाचा रक्तदाब, साखर आणि कर्करोगाची तपासणी नोंदवणारे एनसीडी ॲप दाखल झाले. क्षयरोगासाठी निक्षय 2012 पासून होतेच. साथींसाठी आयएचआयपी, कोविनच्या पावलावर पाऊल टाकून बाळांच्या लसींसाठी यू-विन, आणि प्रत्येक नागरिकाला 14 अंकी आभा क्रमांक. प्रत्येक ॲपचा लॉगइन वेगळा. पासवर्डात एक मोठे अक्षर, एक आकडा आणि एक विचित्र चिन्ह हवे, या नियमामुळे तालुक्यातल्या जवळजवळ सर्व पासवर्डांत सिस्टरच्या धाकट्या मुलाचे नाव, ॲट आणि 123 एवढे असते. पासवर्ड गुप्त ठेवावा अशी सक्त सूचना आहे. म्हणून तो गरोदर मातांच्या रजिस्टरच्या शेवटच्या पानावर पेन्सिलने लिहिलेला असतो.

प्रशिक्षण तालुक्याच्या ठिकाणी होते. सभागृहाला रेंज नसल्याने प्रशिक्षक ॲप उघडून दाखवत नाहीत, ॲप उघडल्याची चित्रे दाखवतात. “इथे क्लिक केलं की हे असं उघडतं,” असे म्हणून ते पुढच्या स्लाइडवर जातात आणि ते खरोखरच उघडते. सगळे फार सोपे आहे, हे वाक्य दर दहा मिनिटांनी येते. मागच्या रांगेत पोलिओच्या जुन्या मोहिमेतल्या आठवणी निघालेल्या असतात. शेवटी निवृत्तीला आलेल्या एक सिस्टर हात वर करतात.

“सर, म्हणजे आता रजिस्टर लिहायचं नाही ना?”

सभागृहात पंख्याचा आवाज ऐकू येऊ लागतो.

“ऑनलाइन सुरळीत होईपर्यंत दोन्ही ठेवायचं.”

“सुरळीत कधी होईल सर?”

“चहा आलाय. सगळ्यांनी घेऊन घ्या.”

टॅब उपकेंद्रात पोचल्यावर त्याची पहिली नोंद डेड स्टॉक रजिस्टरमध्ये होते. वस्तू हरवल्यास किंवा फुटल्यास किंमत पगारातून वसूल होईल, असे सोबतच्या पत्रात असते. त्यामुळे टॅब खोक्यातून काढला जातो, पाहिला जातो, पुन्हा खोक्यात घातला जातो, खोके प्लास्टिकच्या पिशवीत आणि पिशवी कपाटात जाते. कपाटाची किल्ली सिस्टरच्या पर्समध्ये. काम त्या स्वतःच्या मोबाइलवर करतात. त्या मोबाइलमध्ये भाच्याच्या हळदीचे व्हिडिओ आणि सुप्रभातची गुलाबाची फुले आधीपासून राहत असल्याने ॲप म्हणते, जागा अपुरी आहे. मग हळद ठेवायची की गरोदर माता ठेवायच्या, असा पेच पडतो. धाकटा मुलगा येऊन फुले उडवतो, हळद राहते. उपकेंद्राचा माहिती-तंत्रज्ञान विभाग तो हाच. वय साधारण पंधरा, वेतन नाही, आणि दहावीची परीक्षा सुरू झाली की महिनाभर पोर्टल ठप्प.

खरा गुंता नावांपासून सुरू होतो. ॲप माणसाला नाव आणि जन्मतारीख यांवरून ओळखते. महाराष्ट्रातल्या खेड्यांत या दोन्ही गोष्टींना फारसा भरवसा नाही. शाळेत नाव घालताना तारीख ठाऊक नसली की गुरुजी 1 जून टाकत. त्यामुळे एका विशिष्ट पिढीतला अर्धा गाव 1 जूनला जन्मलेला आहे. ‘सुनीता, 1 जून 1975’ असा शोध घेतला की पडद्यावर रांग लागते, आणि त्यांतल्या दोघी एकाच गल्लीत राहून एकमेकींशी बोलत नसतात. एकीचे वाढलेले बीपी दुसरीच्या नावावर चढते. दुसरी म्हणते, “तिचंच असणार. मला कशाला येतंय बीपी?”

त्यात लग्नात मुलीचे नाव बदलण्याची रीत. आधारवर माहेरची मंगल, शिधापत्रिकेवर सासरची वैशाली, नवऱ्याच्या मोबाइलमध्ये ‘घर’. कागदावर सिस्टर ‘वैशाली (मंगल)’ असे लिहून मोकळ्या होत. ॲपला कंस चालत नाही. मग मंगल गरोदर राहते, वैशालीला लस मिळते आणि महिनाअखेरच्या यादीत मंगलची तपासणी थकीत म्हणून लाल रंगात येते. तालुक्याहून फोन येतो, “मंगल कुठे आहे?” मंगल समोरच ओट्यावर भाजी निवडत असते.

पहिले बाळंतपण माहेरी, हा दुसरा घोळ. सातव्या महिन्यात ओटी भरली की बाई जिल्हा ओलांडते. सासरच्या सिस्टरच्या यादीत ती बाळंत व्हायची राहते आणि माहेरच्या सिस्टरकडे ती नव्याने, एकदम आठव्या महिन्याची म्हणून उगवते. माहेरच्या सिस्टरला विचारणा होते की बारा आठवड्यांच्या आत नोंदणी का केली नाही. सासरच्या सिस्टरला विचारणा होते की बाळंतपण का झाले नाही. पोर्टलवर एकीकडून दुसरीकडे नाव वळवण्याची सोय आहे. ते दोघींनी एकाच वेळी फोनवर बसून करावे लागते, आणि दोघींचीही रेंज एकाच वेळी असावी लागते. पुष्कळदा तोवर बाळाचे बारसे होते. बारशाच्या आधी बाळाला नाव नसते, आणि नावाचा रकाना रिकामा ठेवता येत नाही, त्यामुळे गावात पहिले बारा दिवस ‘बेबी ऑफ मंगल’ नावाची पुष्कळ माणसे वावरत असतात. काही जण लस घेताघेता त्याच नावाने शाळेच्या वयाला येतात.

तारखेचेही तसेच. बाळंतपणाची अपेक्षित तारीख काढण्याचा नियम जगभर एकच आहे: शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून नऊ महिने आणि सात दिवस. अडचण नियमात नाही, पहिल्या दिवसात आहे.

“शेवटची पाळी कधी आली होती, वहिनी?”

“पोळ्याच्या आधी.”

“आधी म्हणजे किती?”

“बैलांची खांदेमळणी होती ना, त्या दिवशी. मी पुरणाला हात लावला नाही, म्हणून ध्यानात आहे.”

वैद्यकीय इतिहास यापेक्षा नेमका असू शकत नाही. कागदावर ‘खांदेमळणी’ लिहिले की पुरे. ॲपला दिवस, महिना, वर्ष लागते. मग भिंतीवरचे कालनिर्णय उतरवले जाते. ज्या वर्षी अधिक मास येतो त्या वर्षी आणखी मौज: 2023 साली अधिक श्रावणामुळे पोळा थेट 14 सप्टेंबरला गेला होता. म्हणजे खांदेमळणी 13 ला, आणि बाळंतपण 20 जून 2024 च्या सुमारास. मागल्या वर्षाचे कालनिर्णय भिंतीवर राहिले असेल तर हिशेब तीन आठवडे चुकतो. सासू आतून ओरडून सांगते की पोळ्याला नाही, नागपंचमीला. सून मान हलवून नाही म्हणते. ॲपमध्ये यांपैकी कोणाचेही ऐकण्याची सोय नाही. ते फक्त लाल अक्षरांत विचारते, तारीख वैध आहे का?

प्रश्नावल्यांचे स्वतंत्र प्रकरण होऊ शकेल. तिशीपुढच्यांसाठी आशाताई जो सीबॅक फॉर्म भरून घेतात, त्यात तंबाखू, दारू, कमरेचा घेर, व्यायाम आणि घरातले आजार यांना गुण असतात. बेरीज चारच्या वर गेली की तपासणीला प्राधान्य. पुरुषाच्या कमरेला 90 सेंटिमीटरपर्यंत शून्य गुण. टेप लावताच गावातला प्रत्येक पुरुष श्वास आत ओढून उभा राहतो, त्यामुळे कागदोपत्री तालुका सडपातळ आहे. दारूच्या प्रश्नाला उत्तर दोघांकडून येते.

“रोज दारू घेता का, दादा?”

“रोज नाही.”

“रोज संध्याकाळी घेतात,” आतून आवाज.

“संध्याकाळी म्हणजे काय रोज झालं का?”

कागदावर याचा निकाल लावायला शेरा होता. ॲपमध्ये हो आणि नाही असे दोनच गोल. आशाताई दादांकडे बघतात, स्वयंपाकघराच्या दाराकडे बघतात आणि दाराच्या बाजूने बोट टेकवतात.

पण कागदाने ज्याची कल्पनाही केली नव्हती ती चीज म्हणजे ओटीपी. सत्तरीच्या आजोबांचा आभा क्रमांक काढायचा असतो. त्यांच्या आधारला जोडलेला मोबाइल चाकणच्या कारखान्यात, मुलाच्या खिशात. ओटीपी कोणाला सांगायचा नाही, हे गेल्या काही वर्षांत बँकांनी, पोलिसांनी आणि फोन लावताना ऐकू येणाऱ्या सूचनांनी मुलाच्या मनावर पक्के बिंबवलेले असते.

“हॅलो दादा, तुमच्या फोनवर ओटीपी आला असेल, तेवढा सांगा.”

“कुठल्या बँकेतून बोलताय?”

“बँक नाही, उपकेंद्रातून बोलतेय, सिस्टर. तुमच्या वडिलांचं बीपी नोंदवायचंय.”

“त्यांचं बीपी नोंदवायला माझा ओटीपी कशाला?”

या प्रश्नाचे उत्तर प्रशिक्षणात दिलेले नाही. मग आजोबांना फोन दिला जातो. कमी ऐकू येत असल्याने ते ओरडून बोलतात. मुलाला वाटते की म्हाताऱ्याला कोणीतरी डांबून ठेवले आहे. तो ओटीपीऐवजी सरपंचांना फोन लावतो. सगळे निस्तरल्यावर आजोबांचे बीपी पुन्हा मोजतात तेव्हा ते आधीपेक्षा चढलेले असते, आणि तपासणी मोहिमेमुळे गावात रक्तदाबाचे नवे रुग्ण सापडल्याचे अहवालात यथावकाश येते.

रेंज हा विषय भूगोलाचा. ॲप रेंजशिवायही नोंद घेते आणि नंतर ती वर पाठवते. या पाठवण्याला सिंक म्हणतात. सिंक होण्याच्या जागा प्रत्येक गावात ठरलेल्या आहेत: मारुतीच्या देवळाचा पार, शाळेची गच्ची, पाण्याच्या टाकीचा जिना. संध्याकाळी सिस्टर, आशाताई आणि पोस्टमन असे तिघे टाकीच्या जिन्यावर मोबाइल उंच धरून उभे दिसले, तर परगावचा माणूस खाली थांबून विचारतो, “काय मागण्या आहेत?”

लसीकरणाच्या दिवशी फोटोही लागतो. फोटोवर ठिकाण, तारीख आणि वेळ उमटलेली हवी. एका हाताने बाळाची मांडी, दुसऱ्या हाताने सुई, आणि फोटो काढायला आशाताई. बाळ टोचल्याबरोबर जे काही करते त्यामुळे फोटोत सिस्टरची पाठ, आईचा पदर आणि एक पाय एवढेच येते. पर्यवेक्षिका मॅडम ग्रुपवर लिहितात, ‘लाभार्थी स्पष्ट दिसत नाही.’ सिस्टर हे मोठ्याने वाचतात. बाळाची आई बाळाला छातीशी धरून मागे सरकते. “परत टोचायचं नाही हां. फोटो काढायचा तर माझा काढा.”

इतके झाल्यावर रजिस्टरे रद्दीत जायला हवी होती. पण नवी सून आली म्हणून सासू घर सोडत नाही, त्याप्रमाणे ती जागच्या जागी आहेत आणि आता त्यांचा मान वाढला आहे. पोर्टलवरची नोंद खरी की खोटी हे तपासायचे कशावरून? रजिस्टरवरून. रजिस्टरमधली नोंद पूर्ण की अपूर्ण हे ठरवायचे कशावरून? पोर्टलवरून. तपासणीला आलेले साहेब पडद्यावर सहीच करू शकत नाहीत, आणि सही केल्याशिवाय तपासणी झाल्यासारखे त्यांना वाटत नाही. म्हणून ऑनलाइन नोंदीचा स्क्रीनशॉट काढायचा, तो ग्रुपवर टाकायचा, तालुक्याला छापून घ्यायचा आणि रजिस्टरला टाचायचा. कुठल्या ॲपमध्ये कोणत्या तारखेपर्यंत नोंदी झाल्या, याचा हिशेब ठेवायला सिस्टर एक वेगळी वही घालतात. वर्षभराने जिल्ह्याला ही कल्पना पसंत पडते आणि तिचा छापील नमुना निघतो.

बाळाचे वजन हा या व्यवस्थेतला सर्वांत अभ्यासनीय भाग आहे. आशाताई जन्मानंतरच्या गृहभेटींत झोळीच्या काट्यावर वजन करतात. अंगणवाडीताई आपल्या काट्यावर करून पोषण ट्रॅकरमध्ये भरतात. सिस्टर लसीच्या दिवशी करतात. एकच बाळ, तीन काटे, तीन ॲप. एका ठिकाणी ते सुदृढ, एका ठिकाणी मध्यम आणि एका ठिकाणी लाल. जिल्ह्याच्या व्हीसीमध्ये, म्हणजे व्हिडिओ कॉन्फरन्समध्ये, हा फरक निघाला की तिघींना एकत्र बसून ताळमेळ घालण्याचा आदेश होतो. तिघी एका पारावर बसतात, वजनांची सरासरी काढतात आणि बाळ त्या दिवसापासून सर्वत्र मध्यम होते. अंगणवाडीताईंचा अनुभव या क्षेत्रात दांडगा आहे. 2021 साली महाराष्ट्रातल्या हजारो अंगणवाडी सेविकांनी शासनाने दिलेले मोबाइल परत करण्याचे आंदोलनच केले होते. फोन तापतात, अडकतात आणि ॲप इंग्रजी बोलते, अशा त्यांच्या तक्रारी होत्या. परत करताना त्यांनी पोच घेतली. पोच अर्थातच कागदावर.

फायदे काहीच नाहीत, असे म्हणणे अन्यायाचे होईल. बीडहून ऊसतोडीला कोल्हापूर-सांगलीकडे गेलेल्या कुटुंबातल्या बाळाला कारखान्याजवळच्या केंद्रात लस मिळते आणि इकडच्या सिस्टरला ती दिसते. पूर्वी यासाठी आईने पेटीत जपलेले कार्ड उंदराच्या तावडीतून सुटावे लागे. जोखमीच्या मातांची यादी आपोआप निघते. हिमोग्लोबिन सातच्या खाली गेलेली बाई आता पान उलटले म्हणून नजरेआड होत नाही. सिस्टरही हे कबूल करतात, फक्त महिनाअखेरीस करत नाहीत. महिनाअखेरीस त्या फक्त व्हीसी करतात. पडद्यावर तालुक्यांची नावे हिरव्या, पिवळ्या आणि लाल चौकोनांत असतात.

“पोर्टलवर शंभर टक्के आणि रजिस्टरवर सत्त्याण्णव. तीन टक्के कुठून आले, सिस्टर?”

“सर, मंगल दोनदा आलीये.”

“मग एक काढून टाका.”

“कुठली काढू सर? एकीला लस दिलीये आणि दुसरी गरोदर आहे.”

पलीकडून आवाज तुटतो. रेंज जाण्याचे हेही एक उपयुक्त कार्य आहे.

या साऱ्या संक्रमणाची अंतिम परीक्षा सिस्टरच्या निवृत्तीच्या दिवशी होते. चार्ज देण्याघेण्याची यादी लांबलचक असते. वजनकाटे नग दोन, पैकी एक बंद. बीपीचे यंत्र. रजिस्टरे, पानांच्या संख्येसह. टॅब नग एक, सुस्थितीत. कपाटाबाहेर फारसा निघालाच नसल्याने त्याची स्थिती खरोखर उत्तम असते. नव्या सिस्टर सही करून सगळे ताब्यात घेतात, रजिस्टरच्या शेवटच्या पानावरून पासवर्ड उतरवून घेतात, दुसऱ्या दिवशी लॉगइन करतात, आणि नोंदणीकृत मोबाइलवर ओटीपी पाठवल्याचा संदेश झळकतो. नोंदणीकृत मोबाइल जुन्या सिस्टरचा. जुन्या सिस्टर पुण्यात लेकीकडे.

क्रमांक बदलून मिळावा म्हणून नव्या सिस्टर अर्ज करतात. अर्ज प्राथमिक आरोग्य केंद्रातून तालुक्याला, तालुक्यातून जिल्ह्याला आणि जिल्ह्यातून हेल्पडेस्कला जातो. तोपर्यंत रोज सकाळी फोन.

“मॅडम, ओटीपी आलाय बघा.”

“बघते. चष्मा कुठे ठेवला... अगं, त्या खालच्या वाडीतल्या सुनेचं काय झालं? सातवा संपला असेल तिचा.”

“मॅडम, दोन मिनिटांत जातो तो.”

“जाऊ दे, दुसरा मागव. तिची सासू येऊ देते का तपासायला? नसेल देत तर सोमवारी जा. सोमवारी ती बाजाराला जाते.”

नव्या सिस्टर ‘सोमवारी, सासू बाजारात’ एवढे हातातल्या कागदावर लिहून घेतात आणि दुसरा ओटीपी मागवतात. काही आठवड्यांनी हेल्पडेस्ककडून कार्यवाही पूर्ण होते. मोबाइल क्रमांक बदलण्याची विनंती मान्य झाली असून पुष्टीसाठीचा संकेतांक नोंदणीकृत मोबाइलवर पाठवण्यात आला आहे, असे कळवणारा संदेश पुण्यात लेकीच्या घरी पोचतो.